दोन बोटं माया

मापाला हसायचं नाही, हा मास्तरांच्या दुकानातला पहिला नियम. ट्रायल झाल्याशिवाय कपडा द्यायचा नाही, हा दुसरा. तिसरा नियम त्यांनी कधी बोलून दाखवला नव्हता, पण पाळायचे मात्र तोच सगळ्यांत कडक: एखादी गोष्ट कळली नाही तरी "समजलं" म्हणायचं आणि पुढचं पुढे बघायचं. ह्या तिसऱ्या नियमापायी त्यांनी आजवर काय काय निस्तरलं ते सांगत बसलो तर दिवस मावळेल. आपण फक्त त्या नऊ फुटी बाईंचं बघू.

मास्तर म्हणजे शिंपी. खिडकीपाशी एक मशीन, मागे कापायचं टेबल, टेबलाखाली चिंध्यांचं पोतं, आणि गळ्यात टेप. तो टेप ते जेवतानाही काढायचे नाहीत. दुकानात दुसरं माणूस म्हणजे काज-बटण आणि हातशिलाई करणाऱ्या मावशी. त्या नक्की कुणाच्या मावशी हे कुणालाच माहीत नव्हतं, पण अख्खी गल्ली त्यांना मावशीच म्हणायची. सुई आणि तोंड एकाच वेगानं चालायचं. सुई निदान दोरा संपला की थांबायची.

आणि मास्तरांची लेक, गुंडी. दोन वर्षांची असताना तिनं दुकानातली एक गुंडी गिळली आणि सगळं घर दोन दिवस ती परत यायची वाट बघत बसलं, तेव्हापासून हे नाव. आता ती तारांगणात नोकरीला होती. तारांगण म्हणजे ते मोठं घुमटाचं घर, जिथं खुर्चीत मागे रेलून छतावरचे तारे बघतात. दीड वर्ष झालं, अजून तात्पुरतीच होती. तिकडेच जवळ खोली घेऊन राहायची. गल्लीतलं कुणी विचारलं, "काय मास्तर, लेक जवळच असते ना?" की मास्तर म्हणायचे, "हो, हे काय, इथंच." बसनं अर्ध्या तासाचा रस्ता. महिन्यातून एकदा यायची, तीही घाईत.

एक गोष्ट मात्र मास्तरांच्या मनात रुतून बसली होती. ह्या नोकरीचा अर्ज भरताना तिनं वडिलांच्या व्यवसायापुढं काय लिहिलं होतं, ते त्यांनी टेबलावरून कापड उचलताना वाचलं होतं. 'वस्त्रोद्योग'. एक मशीन, एक इस्त्री आणि एक मावशी, ह्याला उद्योग म्हणतात होय? मास्तर कापड घेऊन मशीनवर जाऊन बसले. पण लागलं त्यांना. पार आतपर्यंत लागलं. शिंपी लिहायला दोनच अक्षरं लागतात, आणि वस्त्रोद्योग लिहायला पोरीनं केवढी शाई खर्च केली!

तर एका सोमवारी गुंडीचा फोन आला.

"बाबा, ऐका, मला वेळ नाहीये. शनिवारी आमच्या नव्या दालनाचं उद्घाटन आहे. दीर्घिकेचं काम ज्या कंपनीला दिलं होतं तिनं तीनदा घोळ घातला. शेवटी मॅडमनी त्यांना हाकललं. सगळे डोक्याला हात लावून बसले होते, तर मी म्हटलं, दीर्घिकेचं माझ्या बाबांकडे द्या, माझे बाबा शिवतील. सगळ्यांसमोर म्हटलं. कराल ना? शनिवारी माणसं तिलाच बघायला येणार आहेत. आणि मला कायम करायचं का घरी पाठवायचं, ते मॅडम त्यानंतरच ठरवणार आहेत."

"बरं..." मास्तर म्हणाले.

"मापं, रंग सगळं लिहून पाठवते. चित्रही पाठवते. शुक्रवारी दुपारपर्यंत हवं. समजलं ना?"

आता खरं तर मास्तरांनी तोंड उघडलं होतं ते विचारण्यासाठीच, की बाई गं, ही दीर्घिका कोण? पण त्यांच्या कानात 'माझे बाबा शिवतील' हे तीन शब्द असे काही घुमत होते की बाकीचं ऐकूच येईना. सगळ्यांसमोर म्हणाली! मॅडमसमोर! आणि अशा वेळी आपण विचारायचं की ही कोण? म्हणजे पोरीला वाटायचं, एवढंही ह्यांना माहीत नाही, उगाच नाव घेतलं ह्यांचं.

"समजलं," मास्तर म्हणाले.

मंगळवारी सकाळी तारांगणाचा शिपाई सायकलवरून पाकीट देऊन गेला. आत एक कागद. खाली लिहिलेलं, 'सोबत चित्र जोडलं आहे'. मास्तरांनी पाकीट उलटं केलं, झटकलं, उजेडासमोर धरलं. चित्र नव्हतं. चित्राला लावलेली टाचणी तेवढी होती.

"टाचणी चांगली आहे," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी ती आपल्या उशीला टोचून टाकली. "वाचा आता कागद."

मास्तरांनी चष्मा चढवला. "दीर्घिका. दंडयुक्त सर्पिल."

"काय युक्त?"

"दंडयुक्त. म्हणजे दंड भरलेले आहेत. कमावलेलं शरीर असेल." मास्तर म्हणाले. दंडाचा घेर हे माप ते रोज घेत होते, त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. दीर्घिका हे नावही त्यांना आवडलं. हल्ली मुलींची नावं अशीच असतात, उच्चारताना तोंड भरून येतं. शनिवारच्या मुख्य पाहुण्या असणार, हे त्यांनी ठरवूनच टाकलं. "पुढं ऐका. रुंदी नऊ फूट."

मावशींची सुई थांबली. दोरा संपलेला नसताना थांबली.

"नऊ?"

"नऊ. जाडी गाभ्याशी दीड फूट, कडेला चार इंच."

"म्हणजे समोरून नऊ फूट आणि बाजूनं चार इंच? अहो मास्तर, बाई आहे का दार?"

"मावशी!" मास्तरांचा आवाज चढला. "मापाला हसायचं नाही. माणूस आपलं अंग घेऊन आपल्यापुढं विश्वासानं उभं राहतं. कुणी रुंद असतं, कुणी चपटं असतं. आपल्याला काय करायचंय? आपण टेप लावायचा आणि आकडा लिहायचा."

मावशींनी पदर खोचलेला असल्यामुळे हातातलं अस्तरच तोंडावर धरलं आणि त्याच्या आडून म्हणाल्या, "वाचा."

"दंड आडवा, साडेतीन फूट. भुजा दोन, दंडाच्या दोन टोकांपासून सुरू होऊन एकाच दिशेनं वळत जाणाऱ्या. प्रत्येकी अकरा फूट."

"अकरा फुटी बाह्या! ही बाई हात हलवत गल्लीतून गेली तर सगळ्यांची वाळत घातलेली धुणी घेऊन जाईल."

"भुजा गाभ्याला जोडू नयेत, ही ठळक सूचना. खाली दोन रेघा मारल्यात."

"हे सांगायला लागतं?"

"तेच म्हणतो मी. पोटाला बाह्या लावणारा शिंपी अजून जन्माला यायचाय." मास्तर पुढे वाचू लागले. "गाभा पिवळसर. भुजा निळसर, त्यांवर गुलाबी ठिपके. दंडावर धुळीच्या काळपट रेषा."

"धुळीच्या?"

"कष्टाळू दिसतात बाई. धुवायला सोपं कापड बघावं लागेल."

सर्पिल ह्या शब्दापाशी मात्र मास्तर बराच वेळ अडले. शेवटी त्यांना उलगडलं. सापासारखं वळायचं तर कापड उरेब कापायला पाहिजे, म्हणजे तिरकं. सरळ कापलेलं कापड नुसतं लटकतं, उरेब कापलेलं अंगाभोवती फिरतं. गुंडीनं हे कुठून शिकून घेतलं असेल? इथंच, टेबलाखाली चिंध्यांत खेळताना. त्यांना एकदम भरून आलं. पोरगी वस्त्रोद्योग लिहिते, पण उरेब विसरलेली नाही.

कागदाच्या शेवटी शेजाऱ्यांचं होतं. 'शेजारचा गट: पाच. चार लंबगोल, एक अनियमित. आकार सोबत. जागा डाव्या कडेला. गट जवळ दिसतो, पण तिचा नाही. बराच मागे आहे. दीर्घिकेला जोडू नये.'

"अनियमित म्हणजे?" मावशींनी विचारलं.

"म्हणजे वेळेवर न येणारा. पाच जणांत असा एक असतोच. लंबगोल चौघांचे ढगळ झगे आधी. ह्याचं सगळ्यात शेवटी, उरलेल्या कापडातून अंदाजानं करू." मास्तरांनी कागद खाली ठेवला. पण नजर त्या शेवटच्या ओळीवरच होती. जवळ दिसतो, पण तिचा नाही. "मावशी, शेजारी राहतात, पण बोलणं नाही वाटतं."

"नऊ फुटी बाईशी कोण बोलणार? ह्या टोकाकडून त्या टोकाकडं बघून बघून मान मोडेल."

मास्तर हसले नाहीत. एकदम त्यांना ती बाई डोळ्यांपुढं दिसली. एवढ्या लांब बाह्या घेऊन एकटीच उभी, आणि शेजारचे पाच जण आपले मागे, आपापसांत. लोकांना वाटतं एकत्रच आलेत. लोकांना काय, काहीही वाटतं. लोकांना असंही वाटतं की अर्ध्या तासावर राहणारी लेक जवळच असते.

बुधवारी त्यांनी मांडणी केली. दुकानात नऊ फूट मावेना, तेव्हा टेबल भिंतीला लावून कापड जमिनीवर पसरलं. मावशी खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या, आणि त्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकांनी दारातूनच आपापल्या तक्रारी सांगितल्या. आणि मग दुसरा नियम आडवा आला. ट्रायल! मास्तरांनी फोन लावला.

"गुंडे, बाईंना उद्या ट्रायलला पाठवतेस?"

पलीकडं कुणीतरी हातोडा मारत होतं. गुंडी खळखळून हसली. "दीर्घिकेला? बाबा, तिला यायला सहा कोटी वर्षं लागतील. तेही सरळ आली तर."

मोठ्या माणसांना वेळ नसतो, हे मास्तरांना ठाऊक होतं. "मग मी तिकडं येऊन माप ताडून बघू?"

"तुम्हालाही तेवढीच लागतील!" ती पुन्हा हसली. बाबा कामाच्या ताणात विनोद करतायत, ह्याचं तिला फार बरं वाटत होतं. "आणि खरं सांगू का, आपल्याकडं आहे ते माप फार जुनं आहे. आत्ता ती कशी असेल कुणास ठाऊक. बरीच बदलली असेल."

मास्तर गंभीर झाले. "जुनं माप? हे आधी सांगायला नको? पसरल्या असतील का?"

"बाबा, सगळंच पसरतंय."

"ते वयानुसार व्हायचंच," मास्तर म्हणाले. "बरं, मी बघतो. माया जास्त ठेवतो."

आता माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. कपडा घट्ट झाला की शिवण उसवायची, माया बाहेर काढायची, आणि कपडा पुन्हा अंगाला येतो. दुकानं बदलली, तयार कपडे आले, त्यांत मायाच नसते. नखाएवढं कापड सोडतात आणि वर पट्टी मारतात. मास्तरांचा त्यावर मोठा राग. ह्या झग्याला त्यांनी सगळीकडून चार चार बोटं माया सोडली. आणि डाव्या कडेला, जिथं त्या पाच शेजाऱ्यांची जागा लिहिली होती, तिथं आणखी दोन बोटं सोडली. तेवढीच पाची लहान झग्यांनाही सोडली, हिच्या बाजूला.

"ती कशाला?" मावशींनी विचारलं.

"जोडू नये लिहिलंय. मी जोडलेलं नाही. पण उद्या त्यांचं जमलं, तर कापड कमी पडायला नको."

 मावशी खाली मान घालून गुलाबी ठिपके लावत राहिल्या.

शुक्रवारी दुपारी दोघं टेम्पोतून तारांगणात पोचले. कपडा इस्त्री करून, घडी घालून, मोठ्या चादरीत बांधला होता. दालन थंडगार, काळं रंगवलेलं, आणि छताला मोठी कडी. गुंडी शिडीवरून धावत खाली आली. गळ्यात ओळखपत्र, केसांत रंगाचा ठिपका. मास्तरांनी गाठोडं सोडलं, पाच लहान झगे बाजूला मांडले आणि मोठा झगा दोन्ही हातांनी वर धरला.

गुंडीचं हसू हळूहळू उतरलं.

"बाबा, ह्याला गळा का आहे?"

"मग डोकं कुठून घालणार?"

"आणि ही बटणं?"

"पुढून बारा गुंड्या. मागून ठेवल्या तर बाईमाणसाला एकटीनं लावता येत नाहीत." मास्तर म्हणाले. पण पोरीचा चेहरा बघून त्यांनी घाईघाईनं झगा आणखी वर धरला. "खिसाही आहे. मधोमध. मागितला नव्हता, पण उपयोगी पडतो."

"बाबा, दीर्घिका म्हणजे तुम्हाला काय वाटलं?"

मास्तरांनी मावशींकडं पाहिलं. मावशी छताकडं बघत होत्या.

"बाई," मास्तर म्हणाले.

 गुंडी शिडीच्या पायरीवर बसली. "मी विचारलं होतं ना, समजलं का म्हणून?"

"म्हणून तर समजलं म्हटलं."

"एकदा... एकदा विचारायचं तरी, बाबा! उद्या दहाला लोक येणार आहेत. मॅडम आत्ता बघायला येतील. माझी नोकरी आहे ही!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "काय अडलं होतं विचारायला?"

मास्तरांनी झगा खाली केला. बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलंच. "अर्जावर तू वस्त्रोद्योग लिहिलं होतंस. मी वाचलं होतं. सोमवारी पहिल्यांदा म्हणालीस, माझे बाबा शिवतील. सगळ्यांसमोर म्हणालीस. मग कुठल्या तोंडानं विचारू, की दीर्घिका कोण?"

गुंडीनं त्यांच्याकडं पाहिलं. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, अगदी लहानपणी चोरी पकडल्यावर व्हायच्या तशा. 

"उसवून देतो," मास्तर पुटपुटले. "गळा बंद करतो, गुंड्या काढतो. रात्रभर बसतो."

"आधी अंगावर घालून तर बघा!" मावशी कडाडल्या. "दोघंही शिंप्याच्या घरातली ना? कपडा हातात धरून कधी कळला आहे का कुणाला? ट्रायल घ्या आधी!"

ट्रायल म्हटल्यावर मास्तरांना नाही म्हणता येईना. गळ्यातून दोरी ओवली, कडीला बांधली आणि गुंडीनं कप्पीनं झगा वर चढवला. तो ओल्या कपड्यासारखा लोंबत राहिला. गुंडीनं डोळे मिटून घेतले. मावशींनी भिंतीशी ठेवलेला मोठा पंखा खालून झग्याकडं वळवला आणि खटका दाबला.

आधी गाभा फुगला. मग साडेतीन फुटांचा दंड ताठ झाला. मग त्या अकरा अकरा फुटांच्या बाह्या उचलल्या, आणि उरेब कापलेलं कापड काय करायचं ते आपोआप करायला लागलं. दंडाच्या दोन टोकांपासून दोन निळसर भुजा निघाल्या, वळल्या, आणि सगळंच्या सगळं प्रकरण छताखाली सावकाश फिरायला लागलं. काळ्या भिंतींसमोर गुलाबी ठिपके एकामागून एक येत आणि जात होते.

"बाई गं," मावशी म्हणाल्या.

त्याच वेळी दार उघडून मॅडम आत आल्या. बारीक, पांढऱ्या केसांची बाई, हातात वही. त्यांनी वर पाहिलं. वही उघडली. एका फिरत्या टोकाकडं बोट दाखवून म्हणाल्या, "दंड?"

"साडेतीन फूट, मॅडम," गुंडी ताठ उभी राहत म्हणाली.

"भुजा कुठून सुरू होतात?"

"दंडाच्या टोकांपासून."

मॅडमनी वही मिटली. "त्या कंपनीनं तीनदा भुजा थेट गाभ्याला चिकटवून आणल्या. तीनदा! मी ओरडून ओरडून सांगितलं. हे कसं जमलं तुम्हाला?"

प्रश्न मास्तरांना होता. त्यांनी गळ्यातला टेप घट्ट धरला. "पोटाला बाह्या कोण लावतं, बाई?"

मॅडमनी त्यांच्याकडं पाहिलं. मग पुन्हा वर. "ती गोल गोल काय आहेत, ओळीनं?"

मास्तर "गुंड्या" म्हणणार होते, पण लेक आधी बोलली. "तारकागुच्छ, मॅडम. गोलाकार तारकागुच्छ. दीर्घिकेभोवती असतातच."

"इतके सरळ रेषेत?"

"प्रातिनिधिक आहेत."

"आणि मधोमध तो खिसा?"

"कृष्णविवर." गुंडीची पापणीही लवली नाही. "गाभ्यात असतं ना."

मॅडमनी पंखा बंद करायला लावला, शिडी सरकवून घेतली, स्वतः चढल्या आणि कृष्णविवरात हात घातला. आतून एक चिठ्ठी निघाली. मास्तर प्रत्येक कपड्याच्या खिशात टाकायचे तीच. मॅडमनी ती शिडीवरूनच मोठ्यानं वाचली. "घट्ट वाटल्यास आणून द्यावे. आत माया आहे."

"तिथं नाही नुसती," मास्तरांच्यानं राहवेना. "सगळीकडून आहे. चार बोटं. पोरगी म्हणाली, माप जुनं आहे आणि सगळं पसरतंय. म्हटलं, उद्या कमी पडायला नको."

मॅडम शिडीवर होत्या तशाच थांबल्या. आयुष्यभर त्यांनी पसरणाऱ्या विश्वावर भाषणं दिली होती. पण पसरल्यावर कापड कुठून आणायचं ह्याचा विचार केलेला माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. "आणि ह्या कडेला? इथं तर आणखी दोन बोटं आहेत. शेजारच्या गटाच्या बाजूला. गट हिचा नाही, हे लिहून दिलं होतं ना?"

"दिलं होतं," मास्तर म्हणाले. "म्हणून जोडलं नाही. जवळ दिसतं ते आपलं असतंच असं नाही, हे मला माहीत आहे बाई. पण माया सोडायला कुणी नको म्हटलं नव्हतं. पुढंमागं त्यांना जवळ यावंसं वाटलं, तर दोन्हीकडून कापड असावं."

गुंडी शिडी धरून उभी होती. तिनं मान खाली घातली. शिडीचा दांडा ती इतका घट्ट धरून होती की मॅडमनाच वरून सांगावं लागलं, "हलवू नकोस, मी पडेन."

मॅडम उतरल्या, हात झटकले. "बटणं राहू देत. पाच जण उद्या सकाळी टांगा. तो अनियमित कुणी केला? फार सुरेख अनियमित झालाय."

"तो ट्रायलला आलाच नाही," मावशी म्हणाल्या.

"आणि पाटी लिहून ठेव," मॅडमनी गुंडीला सांगितलं. दारापाशी जाऊन त्या वळल्या. "सोमवारी तुझा कागद करायला घेते. तू गेलीस तर हे धुवायचं कसं ते कोण सांगणार आम्हाला?"

शनिवारी मास्तर साडेनऊलाच पोचले, इस्त्रीचा सदरा घालून. टेप मात्र गळ्यातच राहिला होता. दालन रिकामं होतं. वर दीर्घिका सावकाश फिरत होती आणि मागे पाच लहान झगे आपापले डुलत होते. खाली पाटी लावलेली. मास्तरांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतली.

'दंडयुक्त सर्पिल दीर्घिका. शेजारी पाच दीर्घिकांचा गट. गट जवळ दिसतो, प्रत्यक्षात बराच मागे आहे. दोन्ही कडांना दोन बोटं माया. शिवणारे: माझे बाबा. व्यवसाय: शिंपी.'

त्यांनी ती दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचायला गेले तर अक्षरं दिसेनात, म्हणून चष्मा पुन्हा पुसला. चष्म्यात काही दोष नव्हता.

"पाटीवर 'माझे बाबा' असं लिहीत नाहीत," मागून गुंडीचा आवाज आला. "मॅडम म्हणाल्या, नाव लिही. मी म्हटलं, राहू दे, हेच बरोबर मापाचं आहे."

मास्तर वळले. सवयीनं "समजलं" म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. पुन्हा उघडलं.

"गुंडे," ते म्हणाले, "दीर्घिका म्हणजे नक्की काय गं?"

ती हसली नाही. शेवटी शिंप्याची लेक होती. तिनं भिंतीजवळच्या दोन खुर्च्या ओढल्या, एक त्यांच्यापुढं ठेवली.

"बसा," ती म्हणाली. "आकाशगंगा माहीत आहे ना? ती आपली. तशा बाहेर पुष्कळ आहेत, त्या सगळ्या दीर्घिका. लोक यायला अजून अर्धा तास आहे. पहिल्यापासून सांगते."

"मध्ये मध्ये नाही कळलं तर?"

"तर विचारा," गुंडी म्हणाली, आणि तिनं आपली खुर्ची त्यांच्या खुर्चीला लावून घेतली.